मायक्रोकंट्रोलर बोर्डातील बिघाडांचा शोध

बंगळूर शहराच्या वायव्येस, तुमकूर रस्त्यालगत पसरलेल्या पीण्या औद्योगिक क्षेत्राचे नाव भारताच्या अवकाशसंशोधनाच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले आहे. १९७२ साली प्रा. उडुपी रामचंद्र राव यांच्या नेतृत्वाखाली तरुण शास्त्रज्ञांचा व अभियंत्यांचा एक गट येथील साध्या औद्योगिक शेडांत कामाला लागला आणि तीन वर्षांत त्याने ‘आर्यभट’ हा पहिला भारतीय उपग्रह सिद्ध केला. १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत संघातील कापुस्तिन यार येथून तो अवकाशात सोडण्यात आला. सुमारे ३६० किलोग्रॅम वजनाच्या या उपग्रहावर तीन वैज्ञानिक प्रयोग बसविलेले होते. काही दिवसांतच प्रयोगांना वीज पुरविणाऱ्या यंत्रणेत बिघाड झाला आणि ते बंद करावे लागले. परंतु उपग्रहाची बाकीची अंगे चालू राहिली व त्याचे संदेश पुढेही मिळत राहिले. प्रयोगांची उपकरणे बंद पडली होती, पण मूळ दोष होता विजेच्या पुरवठ्यात.

त्याच पीण्यात आज लेथ, प्रेस, विद्युत-मुलामा देण्याचे कारखाने आणि मोटारी गुंडाळणारी दुकाने यांच्या शेजारी छोटे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक तयार करणारे उद्योगही आहेत. त्यांच्या कामाच्या टेबलावर पडलेला हाताच्या तळव्याएवढा मायक्रोकंट्रोलर बोर्ड बिघडला म्हणजेही बहुतेक वेळा हाच अनुभव येतो. दोष दिला जातो प्रोग्रामला, आणि तो निघतो विजेच्या तारेत.

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चकतीवर सामावलेला लहानसा संगणक. गणन करणारा भाग, स्मृती आणि बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या टाचण्या त्यात एकत्र असतात. इंटेल कंपनीची ८०५१ ही सुप्रसिद्ध चकती १९८० मधील. २००५ साली इटलीतील इव्रेआ येथे ‘आर्डुइनो’ हा उपक्रम सुरू झाला आणि असे बोर्ड विद्यार्थ्यांच्या व छोट्या कारखानदारांच्या हाती आले. २०१६ मध्ये आलेल्या ‘ईएसपी ३२’ या चकतीत तर वाय-फाय आणि ब्लूटूथ दोन्ही अंगभूत आहेत.

असा एखादा बोर्ड पॉवर प्रेसच्या नियंत्रण-पेटीत बसविला आहे, तो प्रेसचे ठोके मोजतो आणि हा आकडा ब्लूटूथवरून पर्यवेक्षकाच्या मोबाइलवर पाठवितो, अशी कल्पना करावी. ठोक्यांवर कामगाराची मजुरी ठरत असेल, तर मध्येच बोर्ड नव्याने सुरू होऊन आकडा शून्यावर येणे ही केवळ तांत्रिक बाब राहत नाही. त्याहून गंभीर गोष्ट अशी की रीसेट होण्याच्या क्षणी चकतीच्या सर्व टाचण्या क्षणभर अधांतरी होतात. त्यांपैकी एखादीवर रिले जोडलेला असेल आणि त्या टाचणीला निश्चित पातळीवर धरून ठेवणारा रोध बसविलेला नसेल, तर रिले आपोआप खेचला जाऊ शकतो. प्रेसखाली त्या वेळी कोणाचा हात असेल हे चकतीला ठाऊक नसते. म्हणून यंत्र थांबविण्याचे आपत्कालीन बटण कधीही बोर्डाच्या मार्फत जोडू नये; त्याची तार थेट यंत्राचा पुरवठा तोडणाऱ्या मंडलातच गेली पाहिजे.

पहिली तक्रार बहुधा ‘प्रोग्राम चढत नाही’ ही असते. संगणकापासून चकतीपर्यंतचा मार्ग बराच लांब आहे: यूएसबी केबल, तिच्या टोकाशी असलेली रूपांतरक चकती, ग्रहणाची व प्रेषणाची प्रत्येकी एक तार, आणि शेवटी चकतीत आधीच बसलेला ‘बूटलोडर’ नावाचा छोटा प्रोग्राम. बाजारात मिळणाऱ्या कित्येक केबली केवळ मोबाइल भारित करण्यासाठी असतात व त्यांत माहिती वाहून नेणाऱ्या तारा मुळी नसतातच. बोर्डावरील दिवा लागतो, पण संगणकाला बोर्ड दिसत नाही. या एका कारणापायी वाया गेलेल्या दुपारी मोजता येणार नाहीत.

केबल, रूपांतरक आणि संगणकातील चालक-प्रोग्राम हे सर्व ठीक आहेत किंवा नाहीत हे आर्डुइनो ऊनोवर एका सोप्या युक्तीने ठरविता येते. रीसेटची टाचणी तारेच्या तुकड्याने भूमीशी जोडावी, म्हणजे मुख्य चकती निद्रिस्त राहते. मग ० व १ क्रमांकाच्या टाचण्या एकमेकींना जोडून संगणकावरून काही अक्षरे पाठवावीत. तीच अक्षरे परत आली, तर मार्गाचा पहिला अर्धा भाग निर्दोष आहे आणि शोध पुढच्या अर्ध्यात करावयाचा आहे. याच ० व १ क्रमांकांच्या टाचण्यांवर पुष्कळ जण एचसी-०५ हे ब्लूटूथ उपकरण जोडतात. ते उपकरण ग्रहणाची तार स्वतःच्या ताब्यात धरून ठेवते आणि संगणकाचे बोलणे चकतीला ऐकूच येत नाही. प्रोग्राम चढविताना ते काढून ठेवावे, किंवा त्यासाठी दुसऱ्या टाचण्या योजाव्यात.

यात एक मौजेची गोष्ट आहे. ऊनोवर प्रोग्राम चढविण्यापूर्वी संगणक एका तारेवरून इशारा देतो. तो ०.१ मायक्रोफॅरडच्या छोट्या धारित्रातून, म्हणजे कपॅसिटरमधून, रीसेटपर्यंत पोहोचतो. चकती नव्याने सुरू होते आणि बूटलोडर अगदी थोडा वेळ वाट पाहतो. बोर्ड वरचेवर रीसेट होतो म्हणून कोणी रीसेट व भूमी यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरडचा मोठा धारित्र लावला, तर तो हा इशाराही गिळून टाकतो. रोग दबतो आणि प्रोग्राम चढणे बंद होते. उलट ईएसपी ३२ च्या काही बोर्डांवर प्रोग्राम चढत नसेल, तर सक्षमीकरणाच्या टाचणीवर असाच धारित्र लावणे हाच उपाय ठरतो. कारण तेथे शून्य क्रमांकाची टाचणी खालच्या पातळीवर गेल्यानंतर चकती जागी व्हावी लागते, आणि धारित्र तिला तेवढा उशीर करून देतो. एकच औषध दोन रोग्यांवर असे विरुद्ध परिणाम करते, म्हणून दुसऱ्याच्या बोर्डावरील उपाय डोळे मिटून उचलू नये.

आता आपोआप होणाऱ्या रीसेटकडे वळू. ऊनोवरील एटीमेगा ३२८ या चकतीत शेवटच्या रीसेटचे कारण नोंदविणारी एक जागा असते. वीज नव्याने आली, बाहेरून टाचणी दाबली गेली, विजेचा दाब खाली घसरला किंवा पहारा देणाऱ्या घड्याळाने चकतीला नव्याने सुरू केले, असे चार भेद तिच्यात दिसतात. काही बूटलोडर ही नोंद पुसतात, हे ध्यानात ठेवावे लागते. ईएसपी ३२ चालू होताच आपले कारण संगणकाला छापून कळविते. ते वाचण्याऐवजी प्रोग्रामच्या ओळी बदलत बसणे म्हणजे रोग्याची नाडी न पाहताच काढा देणे होय.

दाब घसरण्याचे गणित सोपे आहे. ब्लूटूथ किंवा वाय-फायचे प्रेषण सुरू होताच ईएसपी ३२ क्षणभर काही शेकडा मिलिअँपिअर प्रवाह ओढते. पुरवठा निदान ५०० मिलिअँपिअरचा असावा अशी तिच्या उत्पादकाची शिफारस आहे. बारीक व लांब केबलचा रोध १ ओहम धरला, तर अर्ध्या अँपिअरला अर्धा व्होल्ट केबलमध्येच खर्च होतो. ५ चे ४.५ व्होल्ट उरले. बोर्डावरील नियामक स्वतःसाठी साधारण १.२ व्होल्ट ठेवून घेतो. चकतीला मिळतात जेमतेम ३.३ व्होल्ट, आणि हाताशी काहीच शिल्लक राहत नाही. साधा मीटर मात्र ५ व्होल्टच दाखवितो, कारण घसरण मिलिसेकंदाची असते व मीटर सरासरी सांगतो. ती पाहण्यास ऑसिलोस्कोपच हवा. तो नसेल तर जाड व आखूड केबल वापरून पाहावी आणि बोर्डाच्या पुरवठ्याजवळ काहीशे मायक्रोफॅरडचा धारित्र लावावा.

प्रेसच्या पेटीत दुसरा शत्रू असतो कॉन्टॅक्टर. त्याच्या वेटोळ्यातील प्रवाह तोडला की साठलेली चुंबकीय ऊर्जा मोठ्या दाबाच्या ठिणगीने बाहेर पडते आणि रीसेटच्या लांब तारेत तिचा प्रतिध्वनी उमटतो. वेटोळे एकदिश प्रवाहाचे असल्यास त्याच्याशी उलट दिशेने डायोड जोडावा. प्रत्यावर्ती असल्यास रोध व धारित्र यांची जोडी वापरावी. टेबलावर आठवडाभर चाललेला बोर्ड पेटीत तासभरही टिकत नाही, त्याचे कारण बहुधा येथेच असते.

ब्लूटूथच्या तक्रारींत पुरवठ्याचा दोष वगळला तरी बरेच काही उरते. एचसी-०५ नेहमीच्या वापरात सहसा ९६०० च्या वेगाने बोलते आणि आज्ञा स्वीकारताना ३८४०० च्या. वेग चुकला की निरर्थक चिन्हे तरी उमटतात किंवा काहीच उमटत नाही. त्याची ग्रहणाची टाचणी ३.३ व्होल्टची आहे, म्हणून ऊनोच्या ५ व्होल्टच्या संकेतामध्ये १ व २ किलोओहमच्या रोधांचा विभाजक घालावा लागतो. ब्लूटूथचे जुने रूप आणि २०१० मध्ये आलेले अल्पऊर्जा रूप परस्परांशी बोलू शकत नाहीत. आयफोनला एचसी-०५ जोडता येत नाही तेही उपकरण बिघडले म्हणून नव्हे. अल्पऊर्जा रूपातील पुष्कळ उपकरणे एका वेळी एकाच मोबाइलशी संबंध ठेवतात. पर्यवेक्षकाच्या खिशातील मोबाइल आधीच जोडलेला असेल, तर दुसऱ्याला उपकरण सापडतच नाही.

शिवाय ब्लूटूथचे संदेश २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात फिरतात आणि तेथेच वाय-फायचीही गर्दी असते. पत्र्याची बंद पेटी तर या लहरींना जवळजवळ अडवूनच धरते. पेटीचे दार उघडे असताना मोबाइलला संदेश मिळतात आणि मिटताच तुटतात, अशी तक्रार आली की प्रोग्रामकडे पाहण्याचे कारण नाही. अँटेना पेटीबाहेर आणावा, किंवा दाराला प्लॅस्टिकची खिडकी ठेवावी, आणि मग दार मिटून व प्रेस चालवून पुन्हा चाचणी घ्यावी.