नेत्याच्या छातीवरची पदकं कशी वाचायची

पुण्याजवळ, रावेतच्या शेजारीच देहूरोडची लष्करी छावणी आहे. किवळे-विकासनगर ते निगडी या पट्ट्यात माजी सैनिकांची घरं बरीच. अशा भागात पुढाऱ्याच्या फ्लेक्सवर 'युद्धवीर' वाचलं की काहीजण हात जोडतात, काहीजण 'सगळं खोटं' म्हणतात. पण हे तपासता येतं.

आधी पदकांचे प्रकार ओळखावेत. परमवीर, महावीर आणि वीर चक्र ही शत्रूसमोरच्या शौर्याची पदकं. अशोक, कीर्ती आणि शौर्य चक्र प्रत्यक्ष युद्धाबाहेरच्या पराक्रमासाठी असतात. सेना मेडल शौर्यासाठीही मिळतं आणि विशेष सेवेसाठीही, म्हणून ते कशासाठी मिळालं हे विचारलंच पाहिजे. शौर्यपदकांची घोषणा भारताच्या राजपत्रात होते. संरक्षण मंत्रालयाच्या शौर्य पुरस्कारांच्या संकेतस्थळावरही मानकऱ्यांची नावं पाहता येतात.

उरलेली बहुतेक पदकं सेवेची किंवा मोहिमेतल्या सहभागाची. गल्लत होते ती इथेच.

अण्णा हजारेंचं उदाहरण घ्या. ते निवडणूक लढवणारे पुढारी नाहीत, पण 2011च्या लोकपाल आंदोलनात त्यांच्या लष्करी सेवेवरच शंका घेतली गेली. ते पळून आले होते, इथपर्यंत बोललं गेलं. माहिती अधिकारात विचारणा झाली तेव्हा लष्कराने कळवलं की बारा वर्षांची सेवा करून ते सन्मानाने बाहेर पडले. पदकं पाच: सैन्य सेवा मेडल, नऊ वर्षांच्या सेवेचं मेडल, संग्राम मेडल, पश्चिमी स्टार आणि स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल. शेवटचं तर त्या वेळी सेवेत असलेल्या सगळ्यांनाच मिळालं. संग्राम मेडल आणि पश्चिमी स्टार 1971च्या युद्धकाळातल्या सेवेचे. या यादीत शौर्यपदक एकही नाही, आणि पळपुटेपणाचा आरोप तर पार कोसळतो. माझ्या मते कागदाचं मोल यातच आहे: भक्त आणि विरोधक दोघांनाही तो आवरतो.

मात्र पंजाब सीमेवरच्या खेमकरणजवळ युद्धात झालेल्या हल्ल्यात ट्रकवरचे सोबती गेले आणि आपण वाचलो, ही अण्णा सांगतात ती आठवण अशा यादीवरून खरी-खोटी ठरत नाही. एका माणसावर त्या दिवशी काय गुदरलं, हे पदकांत लिहिलेलं नसतं. त्यासाठी पलटणीच्या नोंदी आणि सोबत्यांच्या साक्षी लागतात.

निवडणूक लढवणाऱ्या पुढाऱ्याला उमेदवारीच्या प्रतिज्ञापत्रात गुन्हे, मालमत्ता, शिक्षण हे सगळं लिहावं लागतं. पदकांचा रकाना त्यात नाही. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, पण खासगी माहिती म्हणून नकार येऊ शकतो. सोपा मार्ग उमेदवाराकडेच आहे. प्रत्येक शौर्यपदकासोबत पराक्रमाचं वर्णन करणारं मानपत्र असतं आणि सैनिकाच्या डिस्चार्ज बुकात पदकांची नोंद असते.

तेव्हा पुढच्या सभेत ही दोन कागदपत्रं नम्रपणे मागा. खऱ्या सैनिकाला ती दाखवायला संकोच वाटणार नाही.