मुंबईचा पुतण्या आणि गावचा मोबाइल

खरिपाच्या पेरण्या आटोपल्या म्हणजे मुंबईच्या उपनगरांतील पुष्कळ मराठी घरांत रविवारची सकाळ फोन घेण्यात जाऊ लागते. बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथे राहणाऱ्या नोकरदारांस गावाहून विचारणा होते, ती अशी : सातबारा उघडत नाही, पी. एम. किसानचा हप्ता अडकला. पीक पाहणीत आपला गट दिसत नाही. पडदा काळा झाला, आता काय दाबू? फोन करणारे बहुधा आमच्या वाचकांपैकीच असतात, आणि घेणारे त्यांचे मुलगे, पुतणे व भाचे. आम्ही स्वतः मुलुंडास राहतो व असे फोन अनेक वर्षे घेत आलो आहोत. या व्यवहारात आमच्या हातून ज्या चुका घडल्या, त्या सांगितल्यास दोन्ही पक्षांस उपयोग होईल असे वाटल्यावरून हे चार शब्द लिहीत आहोत.

हे नाते नवे नाही. टपालखात्याने १८८० साली मनिऑर्डर सुरू केल्यानंतर मुंबईच्या चाकरमान्याने ती धाडावी आणि आलेले पत्र गावातल्या शिकलेल्या माणसाने वाचून दाखवावे, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालला. ज्यास येते त्याने दुसऱ्याचे करावे, हा धर्मच होय. परंतु पत्र वाचणाऱ्याच्या हाती कोणी पेटीची किल्ली देत नसे. मोबाइलच्या कामात मात्र किल्लीच प्रथम दुसऱ्याच्या हाती जाते, आणि सारे अनर्थ तेथून उद्भवतात.

आमच्या आत्याबाई एकट्या राहतात. त्यांचे कोणतेही काम असले, की त्यांनी फोनवर आलेला ओ. टी. पी. आम्हांस वाचून दाखवावा व आम्ही तो येथे बसून भरावा, अशी वहिवाट पडली होती. काम दोन मिनिटांत होई, म्हणून आम्हांसही ती सोयीची वाटे. एके दिवशी बँकेतून बोलतो असे सांगून कोणा भामट्याने आकडा विचारला, आणि आत्याबाईंनी तो नेहमीप्रमाणे वाचून दाखविला. सोयाबीनचे आलेले पैसे गेले. त्यांना लाज वाटली म्हणून त्यांनी ती गोष्ट आम्हांस दोन दिवसांनी सांगितली. लोक म्हणाले, म्हातारी भोळी. आमच्या मते दोष आमचा होता. आकडा फोनवर सांगण्याची सवय त्यांना आम्हीच लावली होती.

दुसरा प्रकार आमच्या तात्यांचा. सातबाऱ्यावरील पिकाची नोंद खातेदाराने स्वतः मोबाइलवरून करावी, अशी ई-पीक पाहणीची योजना १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. पहिल्या वर्षी आम्ही गणपतीस गावी गेलो असता तात्यांचा मोबाइल हाती घेऊन सर्व काही उरकून टाकले. तात्या बांधावर उभे राहून पाहत होते. पुढील वर्षी मुदतीच्या शेवटच्या दिवशी सायंकाळी त्यांचा फोन आला, तेव्हा आम्ही दादरहून सुटलेल्या लोकलमध्ये उभे होतो. पिकाचे छायाचित्र शेतातच घ्यावे लागते. मुंबईत बसलेल्या माणसास, तो कितीही हुशार असो, ते घेता यावयाचे नाही. मुदत टळली. नंतर सहायकामार्फत नोंद झाली खरी, पण ऐन खुरपणीत तात्यांस तीन खेपा पडल्या. पिकाची नोंद नसली म्हणजे नुकसानभरपाईच्या वेळी किती अडते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

या दोन अनुभवांनंतर आम्ही काही नियम पाळू लागलो. पहिला, मोबाइल धन्याच्याच हाती राहील; आम्ही केवळ बोटाने दाखवू. याने पाच मिनिटांच्या कामास अर्धा तास लागतो, पण तेच काम पुन्हा आमच्याकडे येत नाही. दुसरा, ओ. टी. पी. कोणी सांगू लागल्यास आम्ही ऐकत नाही. आमच्यापासूनच नकाराची सवय व्हावी. तिसरा, रविवारी सकाळी दोन तास या कामास दिले आहेत. पूर्वी कचेरीत असता फोन आला म्हणजे आम्ही चिडत असू, आणि चिडलेल्या माणसास लोक पुन्हा विचारीत नाहीत, ते परक्यास विचारतात. चौथा, जे आम्हांस येत नाही ते येत नाही असे स्पष्ट सांगतो.

आता गावाकडील बंधूंस विनंती. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक स्वतःचा असू द्यावा. कित्येकांनी तेथे मुंबईच्या मुलाचा क्रमांक दिलेला असतो. मग आकडा अंधेरीस येतो आणि शेतकरी सेवा केंद्रात ताटकळतो. एक वही करून कामाच्या पायऱ्या आपल्या हाताने लिहून काढाव्या. गुप्त क्रमांक मात्र तीत लिहू नये. यू. पी. आय.चा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीही लागत नाही. सरकारी योजनेच्या नावाने व्हॉट्सॲपवर आलेली ए. पी. के. फाइल उघडू नये. फसवणूक झालीच, तर लाज न धरता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. पैसे पुढे सरकण्यापूर्वी थांबविता आले तरच हाती लागण्याचा संभव असतो.

शिवाय जाणता माणूस मुंबईसच असतो, ही समजूत सोडावी. पी. एम. किसानची केवायसी चेहरा दाखवून करण्याची सोय जून २०२३ मध्ये निघाली, तेव्हा एका शेतकऱ्याने आपल्या मोबाइलवरून इतर शंभर जणांस साह्य करावे, अशी योजना सरकारनेच जाहीर केली होती. राज्यातील शेतकी योजनांसाठी १५ एप्रिल २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांकही आवश्यक झाला आहे. म्हणजे ही कामे वाढतच जाणार. प्रत्येक वाडीतील एक-दोन शिकलेल्या मुलामुलींस हाताशी धरून, बाजाराच्या दिवशी सोसायटीच्या ओट्यावर बसविण्याची व्यवस्था मंडळींनी केल्यास मोठे काम होईल.

गेल्या खरिपात तात्यांचा फोन पुन्हा शेवटच्या आठवड्यात आला. आम्ही घड्याळाकडे पाहिले. परंतु पाहणी त्यांनी आदल्या दिवशीच केली होती, शेजारच्या दोघांचीही करून दिली होती. फोन केवळ भुईमूग काढावयास कधी येता, हे विचारण्यासाठी होता.