सातपुड्याच्या उतारावर ग्लायडर

खापर गावाहून सातपुड्याचे डोंगर जवळ. रेडिओवर चालणाऱ्या बिनइंजिनाच्या ग्लायडरला आणखी काय हवं! उतारावर आदळलेला वारा वर चढतो आणि विमान त्यावर तरंगतं. मार्च-एप्रिलात तापलेल्या शेतांवरूनही गरम हवा उठते. ती कुठे, हे घिरट्या घालणारी घार सांगते. सर्वो (शेपटीची पाती हलवणारी छोटी मोटर), रिसीव्हर, लिथियम बॅटरी शहरातून मागवा. पंखांना मात्र जाहिरात-फलकाची पोकळ प्लास्टिक शीट चालते, शेपटीची पाती हलवणाऱ्या दांडीला सायकलच्या चाकाची तार. खरी गोम तोलात आहे: गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या 25 ते 33 टक्क्यांवर हवा. शेपटी जड झाली, तर ग्लायडर गेलाच म्हणा. 2021च्या ड्रोन नियमांनुसार मॉडेल नजरेच्या टप्प्यातच उडवायचं. डोंगराच्या आडोशाला तर नेऊच नका. तिथली हवा खाली खेचते.