विश्लेषण : चिखलदऱ्यात परसातले तळे मे महिन्यापर्यंत टिकते का?

जुलै-ऑगस्टात चिखलदऱ्यात तळे करायला फारसे काही लागत नाही. पन्हाळीखाली खड्डा खणला की चार दिवसांत तो भरतो, आठवड्यात बेडूक येतात आणि पाठोपाठ चतुर घिरट्या घालू लागतात. घरामागे किंवा होम-स्टेच्या अंगणात असे एखादे तळे असावे, ही हौस मग सहज मनात येते. खरी परीक्षा मार्चमध्ये सुरू होते. पाणी खाली जाते, हिरवे होते, वास येतो आणि मेमध्ये नळाची पाइप तळ्यात सोडावी लागते. त्याच वेळी तालुक्यातल्या काही गावांत टँकरची वाट पाहिली जात असते. म्हणून इथले तळे जुलैकडे पाहून नव्हे, तर मेकडे पाहून खणायला हवे. ते कसे?

इतका पाऊस पडूनही पाणी राहत का नाही?

चिखलदरा सातपुड्याच्या गाविलगड रांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे. अकोला-अमरावतीच्या सपाटीपेक्षा इथे कितीतरी जास्त पाऊस पडतो. पण वर मातीचा पातळ थर, त्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा बेसाल्ट अशी इथली जमीन. मुरमातून पाणी झिरपते, बेसाल्टमध्ये साठायला जागा थोडी आणि उतार तीव्र. त्यामुळे पाणी वेगाने दऱ्यांत उतरते. उत्तरेकडचे सिपनेवाटे तापीला मिळते, दक्षिणेकडचे पूर्णेच्या खोऱ्यात जाते. खडीमलसारख्या गावात उन्हाळ्यात टँकरचे पाणी विहिरीत ओतावे लागते आणि ते भरून घेण्यासाठी विहिरीवर झुंबड उडते, ही दृश्ये वाचकांनी मोबाइलवर पाहिली असतील.

गाविलगडच्या किल्ल्यावर राहणाऱ्यांना हे ठाऊक होते. फिरिश्ताच्या नोंदीनुसार बहामनी सुलतान अहमदशहाने १४२५ मध्ये हा किल्ला बांधला. तटाच्या आत आजही तलाव दिसतात. पावसाचे पाणी खाली जाऊ न देता माथ्यावरच अडवायचे आणि वर्षभर पुरवायचे, हा त्यामागचा हिशेब. परसातल्या तळ्याचा हिशेबही तोच आहे, फक्त आकार लहान.

खड्डा किती मोठा, किती खोल?

तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद तळे धरू. पाण्याचा पृष्ठभाग झाला सहा चौरस मीटर. पाऊस ऑक्टोबरच्या मध्यात थांबला आणि जूनच्या मध्यात परत आला, तर मधले दिवस साधारण २४०. हिवाळ्यात बाष्पीभवन कमी, एप्रिल-मेमध्ये बरेच जास्त. सरासरी दिवसाला चार मिलिमीटर धरली, तरी आठ महिन्यांत पाण्याची पातळी ९६ सेंटिमीटरने खाली जाईल. म्हणजे एक थेंबही न झिरपता, एक तांब्याही न उपसता, जवळपास एक मीटर पाणी नुसते हवेत जाणार.

दोन फूट खोलीची शोभेची तळी इथे फेब्रुवारी-मार्चमध्येच का आटतात, याचे उत्तर या आकड्यात आहे. मधली खोली किमान १२० सेंटिमीटर हवी. काठ सरळ उभे न खणता उतरते ठेवावेत. त्याचा दुहेरी फायदा होतो. माती ढासळत नाही आणि पातळी खाली जाईल तसा पृष्ठभागही आक्रसत जातो, त्यामुळे उन्हाळ्यात बाष्पीभवनाला कमी पाणी सापडते. उथळ आणि पसरट तळ्यात हे होत नाही. वनविभाग जंगलात बशीच्या आकाराचे पाणवठे करतो, ते पाहून अनेकांना तसेच परसात करावेसे वाटते. पण ती बशी प्राण्यांना सहज पाणी पिता यावे म्हणून उथळ असते आणि उन्हाळ्यात ती टँकरने किंवा सौरपंपाने भरत राहावी लागते. घरच्या तळ्याला ती सोय कुठली?

जागा निवडताना दुपारनंतर सावली मिळेल अशी पाहावी. मात्र झाडाच्या थेट खाली नको. मुळे तळ फोडतात आणि पानगळीत सागाची थाळीएवढी पाने पाण्यात पडून कुजतात.

माती, सिमेंट की कागद?

चिखलदऱ्याच्या मुरमाड जमिनीत निव्वळ मातीचे तळे पाणी धरत नाही. चिकण माती आणून थर देता येतो, पण उन्हाळ्यात पातळी उतरली की उघडा पडलेला थर तडकतो आणि पुढच्या पावसात तिथूनच गळती सुरू होते. सिमेंटचे तळे टिकाऊ, पण पाया नीट नसेल तर तेही तडकते. शिवाय नव्या सिमेंटमधून चुना सुटतो. दोन-तीनदा भरून, काही दिवस ठेवून उपसल्याशिवाय त्यात झाड किंवा मासा टाकू नये.

बहुतेकांसाठी सोपा मार्ग शेतकऱ्यांच्या परिचयाचाच आहे, तो म्हणजे शेततळ्याचा कागद. अस्तरीकरणासाठी वापरला जाणारा ५०० मायक्रॉनचा कागद घ्यावा, भारतीय मानक १५३५१ चा शिक्का पाहून. ताडपत्री चालत नाही, उन्हाने ती लवकर फाटते. कागद किती लागेल हे काढणे सोपे आहे. लांबीत खोलीची दुप्पट आणि काठावर दाबायला ६० सेंटिमीटर मिळवायचे, रुंदीतही तसेच. आपल्या तळ्याला ६ बाय ५ मीटर कागद लागतो. खाली दगडाची टोके काढून वाळूचा थर किंवा जुनी पोती अंथरावीत. काठावरचा कागद मातीत पुरून वर फरश्या ठेवाव्यात, कारण उन्हात उघडा राहिलेला कागद आधी जातो.

आणि सांडवा विसरू नये. इथे दोन-दोन दिवस पाऊस थांबत नाही. काठाच्या एका बाजूला खाच ठेवून जादा पाणी झाडांकडे नेले नाही, तर ते कागदाच्या मागे शिरून तळ्याचा काठ पोखरते.

पाणी कुणाचे?

छपराचे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ५० चौरस मीटरचे छप्पर आणि हंगामात फक्त हजार मिलिमीटर पाऊस धरला, त्यातले वीस टक्के वाया गेले असे मानले, तरी ४० हजार लिटर पाणी मिळते. वर आलेल्या हिशेबाप्रमाणे, पृष्ठभाग आक्रसला नाही असे धरले, तर आठ महिन्यांची तूट ५७६० लिटर होते. म्हणजे तळ्याशेजारी पाच हजार लिटरची टाकी ठेवून ती सप्टेंबरअखेर छपराच्या पाण्याने भरून झाकली, तर नळाला हात न लावता तळे जवळजवळ पूर्ण पातळीवर राखता येते. टाकी परवडत नसेल तर पातळी उतरू द्यावी. उन्हाळ्यात तळाशी दोन वीत पाणी राहिले तरी तळे जिवंत असते. काठोकाठ भरलेलेच तळे चांगले, हा पर्यटकांचा समज आहे, बेडकांचा नव्हे.

पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी मात्र तळ्यात घेऊ नये. वर्षभराची धूळ, पाने आणि छपरावर उड्या मारणाऱ्या वानरांचा प्रसाद त्यात असतो. कारंजी बसवण्याआधीही विचार करावा. उडणारे पाणी जास्त वेगाने आटते.

डास होणार नाहीत का?

हा प्रश्न शेजारी पहिल्या दिवशीच विचारतो आणि त्याचे बरोबर आहे. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला उबदार दिवसांत सात ते दहा दिवस पुरतात. पण डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला लागते ते डबक्यापेक्षाही छोटे, स्वच्छ, शत्रू नसलेले पाणी. वऱ्हाडात त्याची आवडती जागा म्हणजे कूलरची टाकी, त्यानंतर टायर, कुंडीखालची बशी, फुटकी बादली. ज्या तळ्यात चतुराच्या आणि टाचणीच्या अळ्या, पाण्यातले किडे आहेत, तिथे डासांच्या अळ्यांना खाणारे भरपूर असतात. धोका नव्या तळ्याच्या पहिल्या काही आठवड्यांत असतो, कारण डास लगेच येतो आणि त्याचे शत्रू थोडे उशिरा. तेवढ्या काळात बीटीआय या जिवाणूपासून बनवलेले अळीनाशक वापरता येते. ते डासांच्या अळ्या मारते, बेडकांना आणि माशांना त्रास देत नाही. रॉकेल किंवा जळके तेल ओतणे हा जुना उपाय तळे मारण्याचा आहे.

गप्पी मासे सोडावेत का?

बंद टाकीत किंवा हौदात ते ठीक. चिखलदऱ्यातल्या तळ्यात, जिथला सांडवा वाहत जाऊन मेळघाटच्या ओढ्यात मिळू शकतो, तिथे नकोत. गप्पी आणि गंबुशिया हे दोन्ही परदेशी मासे. गंबुशिया १९२८ मध्ये हिवतापाविरुद्ध म्हणून इटलीतून भारतात आणला गेला आणि आज तो जगातल्या सर्वांत घातक शंभर घुसखोर जीवांच्या यादीत आहे. तो डासांच्या अळ्यांबरोबर बेडकांची पिल्लेही खातो. ॲक्वेरियममधला सकर मासा उजनीच्या जलाशयात पोहोचला आणि मच्छीमारांची जाळी फाडू लागला, हे उदाहरण आपल्याच राज्यातले. थाई मागूर तर पाळायलाच बंदी आहे.

मग ओढ्यातले स्थानिक मासे आणावेत? व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतून काहीही उचलून आणणे वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. शिवाय ज्या तळ्यात मासे जास्त, तिथे बेडकांची अंडी टिकत नाहीत. पावसाळ्याच्या सुरुवातीला पिवळेजर्द होऊन डरावणारे मोठे बेडूक अंगणात हवे असतील, तर मासे नसलेलेच तळे बरे. आम्ही तरी हाच सल्ला देऊ.

झाडे कोणती लावावीत?

कुमुदिनी मध्यभागी, वेखंड, अळू आणि नीरब्राह्मी काठाला, बाहेरच्या ओलीत वाळा. एवढे पुरे. निम्मा पृष्ठभाग पानांनी झाकला गेला की ऊन कमी पोहोचते, पाणी हिरवे होत नाही आणि थंड राहते. झाडे थेट तळात न लावता कुंड्यांत लावावीत. मार्चनंतर पातळी उतरेल तसतशी कुंडी खालच्या पायरीवर सरकवता येते. काठावर पक्की लावलेली झाडे एप्रिलमध्ये कोरडी पडतात. पाणकणीस दिसायला सुंदर, पण त्याची मुळे कागद भोसकतात. जलपर्णी फुकट मिळाली तरी घेऊ नये. बेशरमचे नाव पुरेसे बोलके आहे.

बिबट, साप आणि लेकरे

चिखलदरा मेळघाट व्याघ्र प्रकल्पाला लागून आहे. देशात १९७३-७४ मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत मेळघाट होता. या भागात उन्हाळ्यातले उघडे पाणी म्हणजे आमंत्रण. वानरे येतातच, गावाच्या कडेला अस्वल आणि बिबटही येऊ शकतो. म्हणून जंगलाकडच्या टोकाला, कुंपणाबाहेर तळे करू नये आणि रात्री तळ्याजवळ कुत्रे बांधू नये. बेडकांमागे साप येतात. पाण्यात दिसणारा बहुधा दिवड असतो, बिनविषारी, पण चिडका. नागही येऊ शकतो, म्हणून तळे दारापासून थोडे दूर आणि भोवतालचे गवत कापलेले असावे.

खरी भीती मात्र जनावरांची नाही. राज्यात शेततळ्यात बुडून मुले दगावल्याच्या बातम्या वारंवार येतात. कागदावर शेवाळ धरले की तो इतका निसरडा होतो की पोहता येणाऱ्या मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही. लहान मुलाला तर फूटभर पाणीही पुरते. घरात पाच वर्षांखालचे मूल असेल तर कुंपण आणि कडी लावल्याशिवाय तळे भरूच नये. एका बाजूला दगडांचा खडबडीत उतार तळापर्यंत न्यावा आणि गाठी मारलेला दोर काठाला बांधून ठेवावा. त्याच उतारावरून पडलेली खार आणि पिल्लू बेडूकही बाहेर येतात.

वर्षभर काय करायचे?

फारसे नाही. फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत वर जाळी टाकावी आणि रोज पाने काढावीत, कारण कुजणारी पाने पाण्यातला प्राणवायू खातात आणि तळे मरते ते बहुधा याच महिन्यात. बागेला युरिया घालत असाल तर त्याचे पाणी तळ्याकडे उतरू देऊ नये. हिरव्या पाण्याचे कारण अनेकदा तेच असते. दोरीसारखे शेवाळ काठीला गुंडाळून काढावे, औषध टाकू नये. मेच्या अखेरीस पाणी सर्वांत कमी असते, तेव्हा तळाचा निम्मा गाळ काढून झाडांना घालावा. सगळा नको, त्यात पुढच्या वर्षीचे जीव असतात. अगदीच निकड पडून नळाचे पाणी घालावे लागले, तर ते एक-दोन दिवस उघड्या भांड्यात ठेवावे, म्हणजे क्लोरीन उडून जाते.

हेच तळे सपाटीवर चालेल का?

चालेल, पण दोन गोष्टी बदलतात. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूरच्या काळ्या मातीत जमीन उन्हाळ्यात हातभर फाटते आणि पावसात फुगते. तिथे सिमेंटपेक्षा लवचीक कागदच बरा आणि खाली वाळूचा थर जाड हवा. दुसरे म्हणजे पूर्णाकाठचा खारपाणपट्टा. तिथल्या बोअरचे पाणी तळ्यात घातले, तर पाणी उडते आणि क्षार मागे राहतात. दर भरणीनंतर तळे आणखी खारे होत जाते आणि कुमुदिनीची पाने कडेने करपू लागतात. तिथे तर छपराच्या पाण्याला पर्यायच नाही. ऊनही चिखलदऱ्यापेक्षा कडक, त्यामुळे दिवसाला चारऐवजी सहा मिलिमीटर धरून हिशेब करावा आणि टाकी दीडपट मोठी घ्यावी.