चला, खड्ड्यात जाऊ!

‘खड्ड्यात जा!’ असं कुणी तुम्हाला म्हणालं तर राग येईल ना? आम्हा मृदाशास्त्रवाल्या मुलींना येत नाही. उलट आमची तक्रार अशी, की आम्हाला कुणी खड्ड्यात जाऊच देत नाही.

मस्करी नाही करत. माती समजून घ्यायची तर शेतात साधारण दीड मीटर खोल खड्डा घ्यावा लागतो. त्यात उतरायचं, एक भिंत चाकूनं तासून साफ करायची आणि वरून खाली एकेक थर वाचत जायचं. मातीचा रंग मुन्सेलच्या रंगपुस्तिकेशी ताडून बघायचा. चिमूटभर माती पाण्यात मळून अंगठा आणि बोटामध्ये तिची पट्टी किती लांब निघते ते पाहायचं, म्हणजे चिकणमातीचा अंदाज येतो. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकायचा. फसफसलं, की समजायचं चुनखडी आहे. याला आमच्याकडे ‘प्रोफाइल’ म्हणतात. इन्स्टाच्या कितीतरी आधीपासून!

आता माझी गोष्ट ऐका. एमएस्सीला असताना सर्वेक्षणाला गेलो, की ठरलेलं वाक्य कानावर यायचं, ‘मॅडम, तुम्ही वरच थांबा. तुमचं अक्षर छान आहे, नोंदी घ्या.’ तेव्हा कौतुकच वाटायचं. मुलं खाली उतरून माती सांगायची, मी वर छत्री धरून लिहायचे. दोन वर्षांत बावीस खड्ड्यांच्या नोंदी माझ्या अक्षरात जमा झाल्या. मग एका नोकरीच्या मुलाखतीत प्रश्न आला, ‘स्वतः किती प्रोफाइल केलीत?’ मी तोंड उघडलं आणि मिटलं. खरं उत्तर होतं, शून्य.

नोकरी मिळाली नाही. आणि ती न देणाऱ्यांचं काही चुकलं नव्हतं, हे जास्त लागलं. त्या रात्री बॅचमधल्या सहा मुलींना फोन लावले. सहाही जणींचं उत्तर थोड्याफार फरकानं तेच. आमच्या मंडळाची सुरुवात ही अशी झाली. व्हिजन-मिशन काही नाही, निव्वळ चरफड.

तुम्ही कदाचित कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असाल. किंवा भूशास्त्र, वनशास्त्र, स्थापत्य अशा कुठल्याही शाखेत, जिथं वर्गात मुली भरपूर आणि फील्डवर मोजक्या. तर हा लेख तुमच्यासाठी. मुलांनो, तुम्हीही वाचा. ‘तुम्ही वरच थांबा’ म्हणणारा बऱ्याचदा मनानं चांगलाच असतो!

बायका आहेत, दिसत नाहीत

मातीच्या शास्त्रात बायकांनी काय केलंय? ब्राझीलचं सोयाबीन आठवा. योहाना डोबेराइनर या शास्त्रज्ञ बाईंनी मुळांवरच्या जिवाणूंकडून हवेतला नत्र मिळवण्यावर आयुष्य घातलं. त्या कामामुळे तिथल्या सोयाबीनचा नत्रखतावरचा खर्च वाचला. त्याच वाटेनं पुढं गेलेल्या मारियांजेला हुंग्रिया यांना २०२५ चा वर्ल्ड फूड प्राइझ मिळाला. एरिट्रियात जन्मलेल्या अस्मेरेत बेऱ्हे मातीतल्या कर्बावर संशोधन करता करता अमेरिकेच्या ऊर्जा खात्यात विज्ञान विभागाच्या प्रमुख झाल्या.

पण खुर्च्यांचा हिशेब बघा. मृदाशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना १९२४ साली रोममध्ये सुरू झाली. तिच्या अध्यक्षपदी पहिली महिला, मेक्सिकोच्या लॉरा बर्था रेयेस सांचेझ, यायला २०२१ उजाडलं.

आपल्याकडे संस्था कमी नाहीत. राहुरी, अकोला, परभणी, दापोली अशी चार कृषी विद्यापीठं. नागपूरला मृदा सर्वेक्षणाच्या राष्ट्रीय ब्युरोचं मुख्यालय. भारतीय मृदा विज्ञान संस्था तर १९३४ पासूनची. तिचं सभासदत्व जरूर घ्या. आपलं मंडळ तिला पर्याय नाही. मोठ्या परिषदेत पेपर वाचता येतो, पण ‘गावात मुक्कामाला बाथरूम आहे का’ हे तिथं कुणाला विचारणार? आपलं मंडळ त्या प्रश्नासाठी.

आधी काम, मग लोगो

आमच्या पहिल्या तीन मीटिंगा नाव आणि लोगोवर गेल्या. ग्रुपवर साठ जणी होत्या, चौथ्या मीटिंगला आल्या चार. त्यातल्या एका सीनियर ताईंनी विचारलं, ‘बायांनो, करायचंय काय ते एका वाक्यात सांगा.’ तासभर घोळ घालून वाक्य निघालं : प्रत्येक सभासदानं वर्षातून किमान एक प्रोफाइल स्वतः उतरून, वरपासून खालपर्यंत करायचं. बस्स. आजही कुठलाही प्रस्ताव आला, की आम्ही या वाक्याशी लावून बघतो. बसत नसेल, तर सोडून देतो. हळदीकुंकू त्यात बसलं नाही.

सभासद कोण, यावरून भांडण होणारच

आमचं झालं. माती परीक्षण प्रयोगशाळेत कंत्राटावर काम करणाऱ्या मुलींना घ्यायचं का? काही जणींचं म्हणणं, ही व्यावसायिक संघटना आहे, किमान एमएस्सी हवीच. आता विचार करा. मृदा आरोग्य पत्रिकेवर बारा गोष्टी छापलेल्या असतात : सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन. हे आकडे प्रत्यक्ष काढतं कोण? पदवी काहीही असो, हात याच मुलींचे असतात.

मतदान घेतलं. दारं उघडायची ठरली. तिघी सोडून गेल्या, त्यातली एक माझी जवळची मैत्रीण. अजून नीट बोलत नाही. याचं वाईट वाटतं, पण निर्णयाचं नाही. पुढच्याच महिन्यात अशाच एका लॅबवाल्या ताईनं आम्हा पदवीवाल्यांना धडा दिला. ‘नमुना कशात गोळा केलात?’ तिनं विचारलं. आम्ही बादली दाखवली. जस्ताचा मुलामा दिलेली! आता त्या मातीत जस्त तपासलं, तर अहवालात भरपूरच दिसणार ना? पुस्तकात हे सगळ्यांनी वाचलेलं होतं. लक्षात फक्त तिच्या होतं.

पैसे आणि कागद

हा कंटाळवाणा भाग आहे. मंडळं बुडतात ती मात्र इथंच. वर्गणी कमी ठेवा, पण ठेवाच. फुकट सभासदाला मीटिंग आठवत नाही. विद्यार्थिनींना निम्मी. बँक खात्यावर दोघींच्या सह्या. खजिनदारानं दर महिन्याच्या पाच तारखेला जमा-खर्च ग्रुपवर टाकायचा, चहाच्या पावतीसकट. विश्वास आहे म्हणून हिशेब नको, असं नसतं. हिशेब असला, की विश्वास टिकतो.

नोंदणीची घाई नको. एक वर्ष काम करून बघा. मग १८६० चा संस्था नोंदणी कायदा आहे, त्यासाठी किमान सात जणी लागतात. महाराष्ट्रात त्याबरोबर १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडेही नोंदणी येते. त्यानंतर दरवर्षी लेखापरीक्षण आलं. कार्यकारिणी बदलली, की नव्वद दिवसांत फेरफार अहवाल द्यावा लागतो. हे राहून गेलं, तर पुढं कागदावर जुन्याच पदाधिकारी आणि प्रत्यक्षात नव्या, असा गोंधळ होतो. सचिव निवडताना छान भाषण करणारी नको, फाईल जपणारी निवडा.

५ डिसेंबरचा फोटो पुरे नाही

५ डिसेंबरला जागतिक मृदा दिन असतो. बॅनर, रोप, फोटो, स्टेटस, झालं. आम्ही त्या दिवशी एका शाळेत जातो आणि नमुना कसा घ्यायचा ते मुलांकडून करून घेतो. इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा, त्याच्या कडेची वरपासून तळापर्यंतची माती, शेतात फिरून अशा अनेक जागांची. सगळी एकत्र मिसळायची, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, पुन्हा मिसळायचं, अर्धा किलो उरेपर्यंत. मुलांना हा खेळ जाम आवडतो. बांधाजवळ, झाडाखाली, शेणखताच्या ढिगाजवळ नमुना घ्यायचा नाही, हे ती घरी जाऊन बाबांना सांगतात.

आमचा खरा कार्यक्रम म्हणजे रब्बीची काढणी झाल्यावरचं दोन दिवसांचं शिबिर. फक्त मुली. खड्डा खणायला माणसं लावतो, पण भिंत तासणं, रंग, पोत, नोंदी सगळं आमचं. परवानगीसाठी शेतकऱ्याला आधी भेटायचं. मुक्कामाच्या जागेची पाहणी दोघींनी आधी जाऊन करायची : पाणी, कडी लागणारं दार, दिवे. पाळीच्या दिवसांची सोय हा मुद्दा यादीत उघड लिहायचा, कुजबुजत नाही. लहान मूल असलेलीला मूल घेऊन येऊ द्यायचं, ते सांभाळायची पाळी लावायची. बाळंतपणानंतर चार वर्षं घरी असलेली एक सभासद अशीच परत फील्डवर आली.

कुणी रडत फोन केला तर?

येतो असा फोन. सर्वेक्षणाच्या गाडीत, दौऱ्यावर, काहीतरी घडलेलं असतं. इथं लक्षात ठेवा, मंडळ म्हणजे कोर्ट नव्हे. ग्रुपवर नाव टाकून गवगवा करायचा नाही, आणि ‘जाऊ दे गं’ हेही म्हणायचं नाही. २०१३ च्या कायद्यानुसार कामासाठी गेलेलं शेत आणि कार्यालयानं दिलेली गाडी हेसुद्धा कामाचं ठिकाणच आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कार्यालयात अंतर्गत समिती हवी; नसेल तिथं जिल्ह्याची स्थानिक समिती. तक्रारीची मुदत साधारण तीन महिने. आपलं काम म्हणजे ही माहिती तोंडपाठ असणं आणि तिच्याबरोबर त्या दारापर्यंत चालत जाणं.

आणि शेवटचा नियम, खुर्ची सोडा. दोन वर्षांची मुदत घटनेतच लिहा. मी लिहिली, आणि माझी वेळ आल्यावर मलाच जड गेलं. नव्या अध्यक्षानं माझा लाडका लोगो बदलला. मी गप्प बसले. छान झालाय तो, पण तिला अजून सांगितलेलं नाही.

काकू

गेलं शिबिर विदर्भात, एका संत्र्याच्या बागेत होतं. पहिल्यांदाच उतरलेली एक पोरगी खाली घाबरत घाबरत आम्लाचा थेंब टाकत होती. पांढुरक्या थरावर जोरात फसफसलं. ती ओरडली, ‘ताई, चुनखडी!’ चहा घेऊन आलेल्या काकू वाकून बघत म्हणाल्या, ‘हे पांढरं जिथं वर हाय ना, तिथलीच झाडं पिवळी पडते. म्या कवाची सांगून राहिली, आयकते कोन?’

बरोबर होतं त्यांचं. चुनखडी जास्त असली, की झाडाला लोह मिळत नाही आणि पानं पिवळी पडतात. आम्ही त्यांचा हात धरून त्यांना खाली घेतलं. मग त्यांनीच बागेत फिरून पिवळ्या झाडांच्या जागा दाखवल्या, आम्ही नकाशावर खुणा केल्या.

नमुन्याच्या पिशवीवर चिठ्ठी लावायची असते : गाव, गट क्रमांक, शेतकऱ्याचं नाव. त्या पोरीनं विचारलं, ‘काकू, सातबारा कुणाच्या नावावर?’ काकू हसल्या. ‘यायच्या.’ २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शेतजमीन कसणाऱ्या खातेदारांमध्ये बायका सुमारे चौदा टक्केच होत्या. आकडा मला पाठ होता, तरी ते हसू बघवलं नाही.

चिठ्ठीवर नियमाप्रमाणे काकांचं नाव गेलं. पण आमच्या नोंदवहीत ‘माहिती देणाऱ्याचं नाव’ असा एक रकाना असतो, एरवी रिकामाच राहणारा. त्यात पोरीनं काकूंचं पूर्ण नाव विचारून लिहिलं. अक्षर काही फार छान नव्हतं. हात चिखलानं भरलेले होते ना!

तुमच्या बॅचमध्ये सात जणी आहेत? मग फोन लावा.