ईद सरकते, मृग सरकत नाही

आमच्या घराच्या भिंतीवर कॅलेंडर एकच असतं, पण त्यात वर्षं दोन चालतात. एक पिकाचं. ते सूर्यावर चालतं. मृग नक्षत्र दर साली ७-८ जूनलाच लागतं, पाऊस येवो न येवो. दुसरं वर्ष बोकडांचं. ते चंद्रावर चालतं, कारण बोकड विकायचे ते बकरी ईदला. चंद्राचं वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणजे इंग्रजी वर्षाहून दहा-अकरा दिवसांनी आखूड. हिंदू पंचांगातले महिनेही चंद्राचेच, पण दर दोन-तीन वर्षांनी अधिक मास घालून त्यांचा ऋतूशी मेळ बसवला जातो. म्हणून दिवाळी कधी उन्हाळ्यात येत नाही. हिजरी सालात अधिक मास नाही. त्यामुळे ईद दर वर्षी थोडी अलीकडे सरकते आणि सगळे ऋतू फिरून सुमारे तेहेतीस वर्षांनी पुन्हा जागेवर येते.

शहरात याचं फारसं कुणाला काही वाटत नाही. शेतकऱ्याच्या घरात मात्र या दहा-अकरा दिवसांवर बरंच काही ठरतं.

निफाड तालुक्यात आमची अडीच एकर जमीन आहे. शेती धाकटा भाऊ पाहतो, शेळ्या भावजय पाहते, आणि घरातला बी.ए. म्हणून हिशेबाची वही माझ्याकडे. त्या वहीत २००७ची ईद डिसेंबरात आहे. तेव्हा बोकड पावसाळाभर बांधावरच्या गवतावर पोसले गेले, चाऱ्याला पैसा असा लागलाच नाही. विकून आलेली रक्कम उन्हाळ कांद्याच्या लागवडीची मजुरी द्यायला बरोबर वेळेवर हाती आली. २०२०ची ईद १ ऑगस्टला, २०२५ची ७ जूनला, म्हणजे मृगाच्या उंबरठ्यावर. आता बोकडाच्या अंगावर मांस चढवायचं ते ऐन उन्हाळ्यात, बांध करपलेले असताना. विकतचा घास, मक्याचा वाळला चारा, भरडा. शेळीला चालतंबोलतं एटीएम म्हणण्याची पद्धत पडली आहे. म्हणणाऱ्याने मे महिन्यात तिच्यापुढे चारा टाकलेला नसावा.

पण जूनच्या ईदेचा फायदाही आहे. बियाणं, खत आणि मुलांच्या फिया, तिन्ही एकाच महिन्यात दार ठोठावतात, आणि तेव्हाच पैसा येतो.

हिशेब मात्र फार आधीपासून धरावा लागतो. कुर्बानीचा बोकड वर्षाचा पुरता हवा. गिऱ्हाईक जबडा उघडून दोन दात पाहतं. ते यायला तेरा-चौदा महिने लागतात. शेळी पाच महिने गाभण असते. म्हणजे जून २०२५ला विकायचा बोकड मार्च २०२४च्या सुमारास जन्मायला हवा आणि त्याची आई ऑक्टोबर २०२३मध्ये फळायला हवी. आमच्या नाशिक-नगर पट्ट्यातली संगमनेरी शेळी पावसानंतर, चारा मुबलक असताना, चांगली माजावर येते, म्हणून हे जुळलं. शिवाय बोकड लंगडा नको, आंधळा नको, कान तुटलेला, शिंग मुळातून मोडलेलं नको. दीड वर्ष त्याला नुसतं जगवून भागत नाही, अव्यंग ठेवावं लागतं. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस, थंडीत पिल्लांना गोणपाट. निफाडची थंडी किती पडते हे तुम्ही दर जानेवारीत पेपरात वाचताच.

आता जून २०२४ ते जून २०२५ या वर्षाचं सांगतो. खरिपात मका आणि सोयाबीन. मक्याची कणसं विकली, चारा शेळ्यांना ठेवला. ऑक्टोबरात कांद्याचं रोप टाकलं. गोठ्यातलं लेंडीखत वावरात पसरलं आणि डिसेंबरअखेर लागवड केली. पीक चांगलं आलं. १ एप्रिल २०२५पासून कांद्यावरचं निर्यातशुल्कही उठलं. भाव मात्र उठला नाही. म्हणून भावानं ठरवलं, कांदा चाळीत भरायचा आणि थांबायचं. उन्हाळ कांदा चाळीत चार-सहा महिने टिकतो, पण आत जाताना तो कोरडा असला पाहिजे. आणि त्या मे महिन्यात पाऊस आला. वळवाची एखादी सर नव्हे, दिवसामागून दिवस. मोसमी पाऊसही महिना संपायच्या आत महाराष्ट्रात येऊन थडकला. आमचा उशिरा काढलेला कांदा वावरातच पडून होता, तो भिजला.

कुणी म्हणालं, जनावरांना घाला. ते करू नये. कांदा जास्त खाल्ला तर जनावराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, लघवी लाल होते. गाईला त्याचा त्रास अधिक, शेळीला कमी, पण ईद तोंडावर असताना बोकडांवर असले प्रयोग कोण करील? कांदा उकिरड्यावर गेला.

त्या साली सहा बोकड विकले. मालेगावचे व्यापारी घरी येऊन बघून गेले. देवनारच्या बाजारात भाव जास्त मिळतो, पण गाडीभाडं आणि मुंबईतला मुक्काम सहा बोकडांना परवडत नाही. त्यांतला एक पुतणीनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेला होता. त्याच्या आईला जुळी झाली होती आणि दूध एकापुरतंच. तो गाडीत चढवताना ती घरातून बाहेर आली नाही. त्याच पैशांतून तिची कॉलेजची फी भरली. ते तिला माहीत आहे. त्यावर आम्ही कुणी काही बोललो नाही.

कांद्याचं कर्ज तसंच राहिलं. फी भरून उरलेल्या रकमेतून भावाला चाळीची डागडुजी हवी होती, भावजयीला गोठ्याचे पत्रे. मला मध्यस्थीला बसवलं. ती म्हणाली, "भाईजान, वही बघून सांगा." वही बघितली. पुढची ईद मेअखेर, २०३०ची एप्रिलच्या मध्याला. म्हणजे बोकड विकायचे आणि कांदा काढायचा ते ऐन एकाच वेळी, आणि घरात माणसं तेवढीच. त्या ईदेसाठी पिल्लं थंडीत जन्मायला हवीत, आणि थंडीत पिल्लं जगवायची तर गोठा बंदिस्त हवा.

पत्रे आले.