वसईच्या वेढ्यांतील शिशाच्या गोळ्या व त्यांची पारख

वसईची म्हणून शिशाची एखादी गोळी हातीं आली कीं ती चिमाजी आप्पांच्या मोहिमेंतील समजण्याचा मोह संग्राहकास होतो. परंतु मराठ्यांनीं वसईचा किल्ला पोर्तुगीजांपासून १७३९ च्या मे महिन्यांत घेतला आणि १७८० च्या डिसेंबरांत इंग्रज सेनापति गॉडर्ड यानें तो मराठ्यांपासून घेतला. एकाच भूमीवर तीन पक्षांच्या बंदुका चालल्या. म्हणून गोळी कोणाची हें ठरविण्यापूर्वीं ती कशी होत असे, हें पाहणें अवश्य आहे.

शिशास संस्कृतांत सीस व नाग अशीं नांवें आहेत. तें ३२७ अंश सेंटिग्रेड उष्णतेवर वितळतें. कोळशाच्या शेगडीवर लोखंडी पळींत त्याचा रस होतो. त्यामुळें बंदुकीची गोळी छावणींतही ओततां येई. रसावरील मळी काढून तो दोन भागांच्या सांच्यांत ओतीत. सांचा थंड असल्यास गोळीस सुरकुत्या पडतात. आंत पोकळी राहिल्यास वजन घटतें. गोळी निघाल्यावर ओताचा देठ कापून टाकीत. सांध्याची बारीक रेघ व देठाची सपाट खूण हीं ओतीव गोळीचीं लक्षणें होत.

गोळी नळीहून किंचित् लहान असे. कारण जळलेल्या दारूच्या काजळीनें नळी माखते, आणि नेमकी बसणारी गोळी थोड्याच बारांनंतर गजानें खालीं जाईनाशी होते. उरलेली फट चिंधीनें वा कागदानें भरीत. चिंधीस चरबी, तेल वा मेण चोपडल्यास काजळी मऊ राहते व गोळी सुलभ उतरते. पेचदार नळींत गोळी घट्ट बसावी लागते, म्हणून तेथें चोपडाचें महत्त्व अधिक. १८५७ सालीं एनफील्ड बंदुकीच्या काडतुसांच्या चरबीवरून सैन्यांत केवढा क्षोभ झाला, हें सर्वश्रुत आहे.

दारूचें प्रमाण परीक्षेनें ठरवावें लागतें. गोळ्या समान वजनाच्या घेऊन दारू थोडी थोडी बदलावयाची, प्रत्येक प्रमाणाचे अनेक बार एकाच निशाणावर काढावयाचे, व खुणा जेथें सर्वांत जवळ पडतील तें प्रमाण धरावयाचें, अशी ही रीति आहे. दारू कमी पडल्यास गोळी अलीकडे पडते. फाजील झाल्यास धक्का वाढतो व नळी फुटण्याचें भय असतें. गोळ्या विषम असल्यास परीक्षाच व्यर्थ होते.

आतां पारख. १६ मिलिमीटर व्यासाची भरीव गोळी सुमारें २४.३ ग्रॅम, म्हणजे २ तोळे १ मासा भरते. १५ मिलिमीटरची २० ग्रॅमच. ८० तोळ्यांच्या शेरांत पहिल्या ३८ व दुसऱ्या ४६ बसतात. शेर मात्र स्थलपरत्वें निरनिराळे होते. जमाखर्चांतील शिशावरून गोळ्यांची संख्या काढतांना हें विसरूं नये. तटावर आदळून चपटी झालेल्या गोळीचा व्यास मोजतां येत नाहीं. तेथें वजनावरून मूळचा व्यास काढावा.

गोळीवरील पांढुरकें पूट घासूं नये. त्याबरोबर रेघ व देठाची खूणही जाते. व्यास, वजन, खुणा व सांपडल्याचें स्थळ एवढें टिपून ठेवावें. किल्ला भारतीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालीं आहे, तेथें उकरण्यास मनाई आहे. आमचें सांगणें आधींच संग्रहांत असलेल्या गोळ्यांपुरतें आहे. शिसें पुन्हा वितळतें. अशी गोळी मासे धरण्याच्या जाळ्याचें वजन होण्यापूर्वीं तिची नोंद व्हावी, इतकीच आमची विनंति आहे.